उजेड सहन होत नाही? आधी पाहा, एक डोळा की दोन्ही

मार्च लागला की विदर्भातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या डोळ्यांच्या ओपीडीत एक वाक्य रोज ऐकू येतं: "साहेब, उजेडात डोयाच नाही उघडत जी." पुढे सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की तीच तक्रार पुन्हा येते, पण कारण वेगळं असतं. नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून मी हे वर्षानुवर्षं पाहतो आहे. उजेड न सोसणं हा आजार नाही, ते लक्षण आहे. त्याच्यामागे साधा कोरडेपणा असू शकतो आणि डोळ्यात कायमचं फूल पाडणारी जखमही असू शकते. म्हणून मेडिकलच्या काउंटरवर "उजेड लागते, त्याचे थेंब द्या" म्हणण्यात काही अर्थ नाही.

लोक काय सांगतात

- घरातून अंगणात पाऊल टाकलं की डोळे आपोआप मिटतात, कपाळाला आठ्या पडतात.
- टिनाच्या छपरावरून किंवा चुना मारलेल्या भिंतीवरून येणारी तिरीप बोचते.
- डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतं, पाणी वाहतं, चुरचुरतं.
- डोळा लाल होतो आणि आत खोल, भुवईपर्यंत ठणकतो.
- रात्री बल्बभोवती रंगीत कडं दिसतं.
- लहान मूल मान खाली घालतं, आईच्या पदरात तोंड लपवतं किंवा उन्हात एकच डोळा मिटतं.

इथेच थांबा आणि दवाखाना गाठा

पुढच्या तपासण्या घरी करायच्या आहेत, पण काही लोकांनी त्या करूच नयेत. डोळा लाल आहे, दुखतो आहे आणि नजरही कमी झाली आहे, असं तिन्ही असेल तर त्याच दिवशी निघा. डोळ्यात चुना, फवारणीचं औषध किंवा झाडाचा चीक गेला असेल तर आधी धुवा, मग निघा. काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर थांबू नका. ताप, जोराची डोकेदुखी, मान आखडलेली आणि उजेड नको, असं असेल तर तो डोळ्यांचा मामला नाही, मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते. 108 ला फोन करा.

आणखी एक प्रकार आमच्या भागात हमखास चुकतो. पन्नाशी ओलांडलेली बाई, संध्याकाळी अर्धं डोकं आणि एक डोळा फुटल्यासारखा दुखतो, उलट्या होतात. घरचे म्हणतात ऊन लागलं, कैरीचं पन्हं देतात, कुणी पित्ताची गोळी देतं. डोळा लाल आहे का आणि बल्बभोवती इंद्रधनुष्यासारखं कडं दिसतं का, हे कुणी विचारत नाही. हा काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. डोळ्यातला दाब एकदम चढतो, आणि काही तासांत उतरवला नाही तर नजर जाते ती परत येत नाही.

पहिली तपासणी: एक की दोन्ही?

ही फुकट आहे आणि सगळ्यात कामाची. एकेक डोळा तळव्याने झाकून उजेडाकडे पाहा. दोन्ही डोळ्यांना सारखाच त्रास असेल तर कारण बहुतेक बाहेरचं किंवा साधं निघतं: वारा, धूळ, धूर, कोरडेपणा, ॲलर्जी, जागरण, अर्धशिशी. एकाच डोळ्याला उजेड खुपत असेल तर त्या डोळ्यात काहीतरी घडलं आहे, असंच धरून चाला. सूर्य दोन्ही डोळ्यांवर सारखाच पडतो. मग एकच डोळा का तक्रार करतो? ओपीडीत माणूस बसला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो आणि पुढचे निम्मे प्रश्न त्यानेच वाचतात.

दुसरी: काल-परवा काय झालं ते आठवा

याला पैसे लागत नाहीत, फक्त नीट आठवावं लागतं.

*तपासणीचे थेंब.* शिबिरात किंवा दवाखान्यात बाहुली (डोळ्याच्या मधलं काळं छिद्र) मोठी करायचे थेंब टाकले असतील तर चार-सहा तास उजेड सहन होणार नाही, जवळचं वाचताही येणार नाही. मुलांचा नंबर काढायला ॲट्रोपिन दिलं असेल तर हाच प्रकार आठवडा-दोन आठवडे चालतो. याला उपचार नको, सावली पुरते.

*वेल्डिंग.* ट्रॉलीचं किंवा गेटचं काम चालू असताना "नुसतं पाहत उभा होतो" म्हणणारेच जास्त येतात. संध्याकाळपर्यंत काही होत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे बरोबर झोपेच्या वेळी, दोन्ही डोळ्यांत मिरची टाकल्यागत आग सुरू होते. ठिणगीतल्या अतिनील किरणांनी बुबुळाची वरची कातडी भाजलेली असते. ती एक-दोन दिवसांत भरून येते. तोवर अंधारी खोली, बंद डोळ्यांवर गार ओली घडी आणि तोंडाने घ्यायची साधी वेदनाशामक गोळी एवढं पुरतं. बधिर करायचे थेंब कुणी घरी दिले तर घेऊ नका. दुखणं थांबतं, पण जखम भरत नाही. दोन दिवसांत उतार पडला नाही, किंवा त्रास एकाच डोळ्यात राहिला, तर लोखंडाचा कण रुतलेला असू शकतो.

*वावरातला मार.* पऱ्हाटीची म्हणजे कपाशीच्या झाडाची काडी, तुरीचं खुंट, धानाचं कुसळ, हडंब्यातून (मळणीयंत्रातून) उडालेला सोयाबीनचा दाणा. विदर्भात डोळा गमावण्याची वाट बऱ्याचदा अशीच सुरू होते. काडी लागते, थोडं पाणी येतं, माणूस पदराच्या टोकाने किंवा दुपट्ट्याने पुसून कामाला लागतो. चार-आठ दिवसांनी उजेड खुपायला लागतो आणि आरशात पांढरा ठिपका दिसतो. झाडपाल्याच्या काडीबरोबर बुरशी आत गेलेली असते, आणि बुरशीचा व्रण सावकाश वाढतो, म्हणून सुरुवातीला कुणी घाबरत नाही. ओरखडा ताजा असतानाच ॲंटिबायोटिक मलम सुरू केलं तर व्रण टळू शकतो, हे नेपाळमधल्या भक्तपूरच्या अभ्यासाने 2001 मध्येच दाखवलं आहे. म्हणून काडी लागली त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. सोंगणी एक दिवस थांबते. आणि अशा डोळ्यावर घट्ट पट्टी बांधू नका, बंद ओलाव्यात जंतू फोफावतात.

*चीक, चुना, फवारणी.* धुऱ्यावरची रुई तोडताना किंवा शनिवारी मारुतीसाठी रुईच्या पानांचा हार करताना चीक डोळ्यात उडतो. हा चीक फसवा आहे, आधी फारसा दुखतही नाही. काही तासांत धुकं आल्यासारखं दिसतं आणि उजेड बोचायला लागतो, कारण बुबुळाच्या आतल्या थराला सूज येते. चुन्याचं तर विचारूच नका. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटणाऱ्याच्या खिशातली चुन्याची पुडी पोराच्या हाती लागते, पोरगं ती दाबतं आणि चुना थेट डोळ्यात जातो. चुना आत झिरपत जातो, म्हणून गाडीची वाट पाहत बसायचं नाही. पापण्या उघड्या धरा, तांब्याने किंवा नळाखाली स्वच्छ पाणी सोडत राहा, अर्धा तास तरी. चुन्याचे खडे पापणीच्या आत दिसले तर ओल्या कापसाने टिपून काढा. मग दवाखाना. लिंबू, व्हिनेगर असलं काही घालू नका.

फवारणीचं औषध उडालं तरी पाण्याचा नियम हाच. मात्र फवारणीनंतर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, अंधुक दिसायला लागलं, लाळ, घाम, उलटी सुरू झाली, तर ती अंगात भिनलेली विषबाधा आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना माणसं दगावली, तेव्हापासून हे सगळ्यांना माहीत असायला हवं. अंगावरचे कपडे काढा, औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत घ्या आणि 108 बोलवा.

तिसरी: खिडकीशी बसवून बाहुल्या पाहा

खिडकीच्या उजेडात माणसाला बसवा आणि मोबाइलने दोन्ही डोळ्यांचा जवळून फोटो काढा, फ्लॅश न लावता. फोटो मोठा करून दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का ते पाहा.

एक बाहुली खूप मोठी, डोळा पांढराशुभ्र, दुखत नाही, पण त्या डोळ्याला उजेड सहन होत नाही आणि जवळचं धूसर दिसतं, असं असेल तर मी विचारतो, निंदणात धोत्रा उपटला का? बायका घाबरून येतात आणि निघतं हेच. धोत्र्यात ॲट्रोपिनच्याच घराण्यातली द्रव्यं असतात. उपटलेल्या हाताने डोळा चोळला की बाहुली पसरते. काही दिवसांत आपोआप जागेवर येते. तरीही एकदा तपासून घ्या. बाहुल्या लहानमोठ्या आणि सोबत डोकेदुखी, उलटी, पापणी लोंबलेली किंवा एकाचे दोन दिसणं, असं असेल तर धोत्र्याला दोष देत बसू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा.

आता टॉर्चची परीक्षा. मोबाइलचा दिवा फार प्रखर असतो, साधी बॅटरी घ्या. दुखरा डोळा तळव्याने झाका, दाबू नका, आणि चांगल्या डोळ्यावर क्षणभर उजेड टाका. झाकलेला डोळा दुखला का? दोन्ही बाहुल्यांच्या तारा मेंदूत जोडलेल्या असतात. एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही आकुंचन पावतात. झाकलेल्या डोळ्याला उजेड दिसत नसताना कळ आली तर दुखणं वरच्या कातडीचं नाही, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला सूज आहे, ज्याला आम्ही आयरायटिस म्हणतो. हा डोळे आल्यासारखाच लाल दिसतो, पण चिपडं नसतात, खाज नसते. उशीर झाला तर बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटते. कळ आली तर पुढचं घरगुती काहीच करायचं नाही. कळ आली नाही म्हणून आत सूज नाहीच, असंही म्हणता येत नाही.

चौथी: कोरडेपणा

दोन्ही डोळे, नजर ठीक, लाली थोडी, आणि सकाळी उठल्यावर किंवा मोबाइल पाहून झाल्यावर जास्त चुरचुर. इथे दहातल्या बहुतेकांचं उत्तर मिळतं. बुबुळाचा पृष्ठभाग घड्याळाच्या काचेसारखा, वर अश्रूंचा पातळ थर. तो थर फाटला की उजेड विखुरतो आणि बुबुळाच्या उघड्या पडलेल्या मज्जातंतूंना हवा लागते. शरीरात इतक्या दाटीने मज्जातंतू क्वचितच कुठे असतात.

मेअखेरच्या नवतपात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो आणि लू वाहते, तेव्हा हा थर टिकणार कसा? त्यात रात्रभर कूलरचा झोत थेट तोंडावर. अनेकांच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत, त्यांना सकाळी उठल्यावर दारातला उजेडही सोसत नाही. आधी कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवा. दोन-तीन रात्रींत फरक पडला तर औषधाचे पैसे वाचले. चूल असेल आणि पऱ्हाट्यांचा धूर घरात कोंडत असेल, तर खिडकीच्या बाजूला चूल घेतल्याशिवाय थेंबांनी काही होणार नाही. गाडीवर जाताना दुपट्टा नुसता नाका-तोंडावर नको, कपाळावरून पुढे ओढलेला हवा, वर साधा पारदर्शक चष्मा असला तरी वारा अडतो.

याने भागलं नाही तर कृत्रिम अश्रूंचे थेंब, कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज नावाचे, दिवसातून चार वेळा दोन आठवडे टाकून पाहा. उघडलेली बाटली महिन्याच्या वर वापरायची नाही. दोन आठवड्यांत उतार नाही, तर अंदाज चुकला आहे, पुढे जा.

मेडिकलमधल्या लाल डोळ्याच्या थेंबांबद्दल

यावर मी जरा लांब बोलणार आहे, कारण आमच्याकडे येणारा बहुतेक माणूस आधी मेडिकलमधून येतो. ज्या थेंबांनी "एका दिवसात आराम पडला" त्यांत बहुधा स्टेरॉइड, म्हणजे सूज दाबणारं औषध असतं. बाटलीवरचं बारीक इंग्रजी लेबल शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या: डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन यांपैकी नाव दिसलं तर ते डॉक्टरने डोळा पाहिल्याशिवाय टाकायचं नाही. आयरायटिसला हेच औषध लागतं, ते वाईट नाही. पण काडी लागलेल्या डोळ्यात बुरशी असेल तर स्टेरॉइड तिला मोकळं रान देतं. लाली जाते, दुखणं कमी होतं आणि आत व्रण खोल जातो. महिनोन्‌महिने टाकलं तर काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येतो, आणि हा सावकाश येणारा काचबिंदू वाढत असताना काहीच दुखत नाही.

घरगुती उपायांत मध, कांद्याचा रस, आईचं दूध, तुरटीचं पाणी, जिभेने कचरा काढणं, सगळं बंद. कचरा गेला असेल तर न चोळता स्वच्छ पाण्याने धुवा, आणि वरची पापणी खालच्या पापणीवर ओढून सोडा, खालच्या केसांनी वरचा कण बऱ्याचदा निघतो. बुबुळावर रुतलेला कण मात्र सुईने किंवा काडेपेटीच्या काडीने काढू देऊ नका, काढणारा कितीही सराईत असो.

मुलांसाठी वेगळं

पाच ते पंधरा वर्षांचा पोरगा, उन्हाळा आला की डोळे चोळतो, दोऱ्यासारखी चिकट तार निघते, उन्हात जात नाही: ही उन्हाळी ॲलर्जी, मुलींपेक्षा मुलांत जास्त. गार पाण्याच्या घड्या ठेवा आणि चोळणं बंद करा, कारण वर्षानुवर्षं चोळून बुबुळ पातळ होऊन पुढे येतं. थेंबांची जुनीच बाटली दरवर्षी आणायची नाही, त्याचं कारण वर स्टेरॉइडबद्दल सांगितलं.

शाळेत प्रार्थनेच्या वेळी उन्हात एकच डोळा मिटणारं मूल खोडी करत नसतं. डोळा अधूनमधून बाहेर सरकणाऱ्या तिरळेपणाची ती नेहमीची खूण आहे. गुरुजींनी पाहिलं तर पालकांना सांगावं.

तान्ह्या बाळाचे डोळे मोठे, टपोरे, सगळे कौतुक करतात. पण ते बाळ उजेडात डोळे घट्ट मिटतं, पाणी वाहतं आणि बुबुळ धुरकट दिसतं, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. दृष्ट काढण्यात आठवडा घालवू नका, वैद्यकीय महाविद्यालयाचा नेत्रविभाग गाठा. गोवर झालेल्या मुलालाही उजेड सहन होत नाही. त्याला व्हिटॅमिन ए चा डोस मिळाला का, हे आशाताईंना विचारा, विशेषतः मूल अशक्त असेल आणि संध्याकाळी ठेचकाळत असेल तर.

गॉगल घ्यायचा का?

घ्या, पण कारण कळल्यावर. बाजारातली नुसती काळी काच बाहुली मोठी करते, आणि काचेत अतिनील किरण अडवायची सोय नसेल तर ते जास्त आत जातात. यूव्ही 400 (म्हणजे अतिनील किरण अडवणारा) लिहिलेला, राखाडी किंवा तपकिरी रंगाचा आणि बाजूने झाकणारा घ्या. उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा महाग असतो, आणि आपल्याकडच्या कडक उन्हात थंडीच्या दिवसांइतका गडद होत नाही, उष्णतेने तो पुन्हा फिका पडतो. घरात आणि टीव्हीसमोर गॉगल लावून बसू नका. डोळा अंधाराला सरावतो आणि साधा उजेडही जास्त बोचायला लागतो.

साठीच्या पुढच्या माणसाला दुपारी कमी आणि संध्याकाळी बरं दिसत असेल, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने सगळं पांढरं होत असेल, तर मोतीबिंदू तपासा. तिथे गॉगलने नुसता उशीर होतो. महिन्यातून दोन-तीनदा अर्धं डोकं ठणकतं, मळमळतं, अंधारात पडून राहावंसं वाटतं आणि मधल्या दिवसांत डोळे एकदम ठीक, तर ती अर्धशिशी. तिची गोळी फिजिशियन देतात, चष्म्याचा नंबर वाढवून ती जात नाही.

आमच्याकडे आलात तर

आम्ही स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून पाहायच्या यंत्रावर बसवतो, पिवळा रंग टाकून निळ्या दिव्याखाली बुबुळ पाहतो. ओरखडा असेल तर तिथे हिरवं चमकतं, साध्या डोळ्यांना न दिसणारी रेघही सापडते. मग दाब मोजतो, गरज पडली तर बाहुली मोठी करून डोळ्याच्या मागचा पडदा पाहतो. व्रण खोल असेल, दाब चढलेला असेल किंवा आत सूज असेल तर आम्हीही इथे थांबत नाही, जिल्हा रुग्णालयात, नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात पाठवतो.

येताना आतापर्यंत टाकलेली प्रत्येक बाटली पिशवीत घालून आणा, रिकामीसुद्धा. जुना चष्मा आणा, मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी आणा. सकाळी लवकर या आणि सोबत कुणाला तरी घेऊन या. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले तर दुपारच्या उन्हात स्वतः गाडी चालवत गावी परत जाता येणार नाही.